डावा मेंदू, उजवा मेंदू आणि कानावर पडणारा आवाज: परत परत येणारे प्रश्न

मी गोव्यात फोंड्याला स्पीच थेरपी करते, त्यामुळे हे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येतच असतात, चवथीच्या आसपास भजनी मंडळवाल्यांचे जरा जास्तच. दर वेळी नव्याने टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. सोपे आधी, किचकट मागून, आणि तेच तेच परत नको म्हणून नंबर दिलेत.

१. डाव्या कानाने ऐकलेलं उजव्या मेंदूत जातं म्हणतात, खरं काय ते?

अर्धं खरं. दोन्ही कानांचं दोन्हीकडे जातं. कानाच्या आत कॉक्लिया म्हणून शंखासारखा भाग असतो, तिथून निघालेली नस मेंदूच्या देठात पोचते, तिथून पुढे जास्त तंतू पलीकडे ओलांडतात आणि थोडे त्याच बाजूने वर जातात, मग थॅलॅमस हे मेंदूच्या मधलं स्टेशन, आणि शेवटी कानाच्या वरच्या अंगाला टेंपोरल लोबमधला ऐकण्याचा भाग. म्हणजे डाव्या कानाचा उजव्या मेंदूकडे जाणारा रस्ता जास्त रुंद आहे, पण दुसरा रस्ता बंद नाही. म्हणूनच मेंदूच्या एका बाजूला इजा झाली तरी पलीकडचा कान ठार बहिरा होत नाही.

२. दोन्ही बाजू सगळंच ऐकत असतील तर मग फरक कसला?

हा प्रश्न खरा महत्त्वाचा. लोक "डावीकडे भाषा, उजवीकडे संगीत" असं पाठ करून येतात, आणि ते अगदीच चूक नाही, पण मेंदू आवाज आल्या आल्या "हे बोलणं, हे गाणं" अशी पाटी लावून दोन खोल्यांत पाठवत नाही. फरक आहे तो आवाजातलं नेमकं काय बारकाईने पकडायचं ह्यात.

पार, फार, बार, भार हे चार शब्द मोठ्याने म्हणून बघा. ओठ सगळ्यांत तसेच मिटतात, तसेच उघडतात. फरक इतकाच की गळ्यातला कंप ओठ उघडायच्या आधी सुरू झाला की नंतर, आणि मध्ये श्वासाचा झोत आला की नाही. हे सगळं सेकंदाच्या काही शंभराव्या भागात उरकतं. एवढ्यात "बार" आणि "भार" वेगळे कळायचे तर वेळेचा हिशोब फार बारीक लागतो, आणि तो डावीकडे जास्त चांगला होतो.

आता सुराचं बघा. सा २४० हर्ट्झवर लावला तर कोमल रे साधारण २५६ वर आणि शुद्ध रे २७० वर येतो. सेकंदाला १४ कंपनांचा फरक. तो पक्का कळायला आवाज थोडा वेळ तरी कानात राहावा लागतो, नुसत्या एका झटक्यात कळत नाही, हे मेंदूचं नाही, फिजिक्सचंच बंधन आहे: वेळ बारीक पकडायला गेलात तर सूर ढोबळ होतो आणि सूर बारीक पकडायला गेलात तर वेळ. दोन्ही एकाच वेळी पाहिजे असेल तर दोन वेगळे ऐकणारे लागतात. माँट्रियलचे रॉबर्ट झातोर वगैरे मंडळींचं म्हणणं हेच, की डावी बाजू वेळेत तेज आणि उजवी सुरात. डेव्हिड पोपेल ह्यांनी २००३ मध्ये तेच जरा वेगळ्या पद्धतीने मांडलं: डावी बाजू २०-४० मिलिसेकंदांचे तुकडे करून ऐकते, उजवी १५०-२५० चे. दोघांच्या मांडणीवर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू असतात, पण दिशा साधारण एकच आहे. आणि हा कमी-जास्तीचा फरक आहे, हं. डावी बाजू सुराला बहिरी नाही.

३. हे कळलं कसं? मेंदू उघडून बघितला?

सुरुवातीला खरोखरच. १८६१ मध्ये पॅरिसला पॉल ब्रोका ह्यांच्याकडे एक पेशंट होता, त्याला फक्त "टॅन" एवढंच बोलता यायचं. तो गेल्यावर मेंदू बघितला तर डाव्या पुढच्या भागात इजा. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके ह्यांनी उलटे पेशंट दाखवले, घडाघडा बोलणारे पण दुसऱ्याचं न समजणारे, त्यांची इजा डाव्या बाजूलाच पण जरा मागे.

जिवंत, धडधाकट माणसात बघायची युक्ती डोरीन किमुरा ह्यांनी १९६१ मध्ये वापरली, ती मला फार आवडते कारण मशीन वगैरे काही नाही, नुसता हेडफोन. एकाच क्षणी डाव्या कानात एक आकडा आणि उजव्यात दुसरा, असे तीन-तीन जोड ऐकवायचे आणि विचारायचं काय काय ऐकलंत. बहुतेक लोक उजव्या कानातले आकडे जास्त बरोबर सांगतात. मग १९६४ मध्ये त्यांनी आकड्यांऐवजी चाली ऐकवल्या तर डावा कान पुढे गेला. ह्याला डायकॉटिक टेस्ट म्हणतात, पुढे दोन-तीनदा येणार आहे.

४. मग गाणं? गाण्यात शब्द पण आहेत आणि चाल पण.

ह्यावर २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये एक सुंदर पेपर आला, अल्बूई आणि झातोर वगैरेंचा. १० वाक्यं, १० चाली, सगळ्या जोड्या लावून साथीशिवाय गायलेली १०० छोटी गाणी. मग कॉम्प्युटरने एकदा त्यांतली वेळेची बारकाई पुसली आणि एकदा सुराची. वेळेची पुसली तर शब्द कळेनात पण चाल ओळखू येते, सुराची पुसली तर चाल गेली पण शब्द शाबूत. स्कॅनमध्ये शब्दांचा माग डाव्या बाजूच्या ऐकण्याच्या भागात लागला आणि चालीचा उजव्या. आवाज एकच, गळा एकच, आणि तरी दोन्ही बाजूंनी आपापलं उचललं.

पहिला भाग तुम्हाला देवळाच्या सभामंडपात फुकट अनुभवता येतो. लादी, उंच छत, आवाज घुमतो, त्यामुळे एकावर एक अक्षर चढतं आणि वेळेची बारकाई पुसली जाते. बाहेर चप्पल काढताना आरती कुठली ते चालीवरून लगेच कळतं, कडवं कितवं चाललंय ते मात्र आत जाईपर्यंत कळत नाही. साउंडवाल्याला शिव्या देऊ नका, आवाज वाढवून हे सुटत नाही.

५. आणि ताल? घुमट, शामेळ, ढोल हे कुठल्या बाजूला?

एका बाजूला टाकता येत नाही. तालाला नुसते ऐकण्याचे भाग पुरत नाहीत, हालचालीचे भागही लागतात, मेंदूच्या तळातले बेसल गँग्लिया आणि मागचा लहान मेंदू धरून, आणि ते दोन्हीकडे आहेत. शिगम्याचा ढोल ऐकून पाय आपोआप हलतो तो उगाच नाही.

६. मी बरीच वर्षं शास्त्रीय गाणं शिकतोय, माझा मेंदू वेगळा झाला असेल का?

थोडा झाला असेल. बेव्हर आणि चियारेलो ह्यांनी १९७४ मध्ये चाली ऐकवून बघितलं: संगीत न शिकलेल्यांचा डावा कान सरस, शिकलेल्यांचा उजवा. म्हणजे चाल आख्खी एक गोष्ट म्हणून न ऐकता तिचे तुकडे पाडून ऐकायची सवय लागली की डावी बाजूही कामाला लागते असा त्यांचा अर्थ. तानेची फोड करणारा विद्यार्थी आणि मागे बसून डोलणारा श्रोता एकच गाणं ऐकतात पण वेगळ्या रीतीने, हे मला पटतं. श्लाउग ह्यांनी १९९५ मध्ये असंही दाखवलं की कुठलाही सूर ऐकून झटकन नाव सांगणाऱ्या वादकांमध्ये प्लेनम टेंपोराले हा ऐकण्याच्या भागाच्या मागचा तुकडा डावीकडे नेहमीपेक्षा जास्तच मोठा असतो.

पण "केसरबाईंचा उजवा मेंदू मोठा होता" असले फॉरवर्ड मला पाठवू नका. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेला हे खरं, आणि त्याच वर्षी त्या वारल्या. चालू मेंदूचे एफएमआरआय फोटो काढायला १९९० नंतरच सुरुवात झाली, मग त्यांचा मेंदू बघितला कोणी?

७. समोरचा रागावलाय की थट्टा करतोय हे कुठली बाजू ओळखते?

बऱ्यापैकी उजवी. "बरं" हा एकच शब्द घ्या. कबुली, कंटाळा, धमकी, "बघते तुला" सगळं त्यात बसतं आणि अक्षरं तीच. फरक सुराच्या चढउतारात, तो जरा लांब पल्ल्याचा, म्हणून उजवीकडे (का ते प्रश्न २ मध्ये). इलियट रॉस ह्यांनी १९८१ मध्ये उजव्या बाजूला इजा झालेले पेशंट नीट वर्णन केले: काहींचं बोलणं सपाट होतं, काहींना दुसऱ्याच्या आवाजातला भाव कळत नाही. घरचे म्हणतात "ते बोलतात नीट, पण तुसडे झालेत". तुसडे नाही झाले, मेंदूचा तो भाग दुखावलाय. भाषा शाबूत असल्यामुळे हे लक्षातच येत नाही आणि घरात भांडणं होतात, म्हणून मुद्दाम लांबण लावली. फोनवर ओळखीचा आवाज न ओळखता येणं हेसुद्धा बहुधा उजव्या बाजूच्या इजेत दिसतं.

८. मी डावखुरा आहे. माझं सगळं उलटं?

बहुधा नाही. माँट्रियललाच वाडा टेस्ट करून, म्हणजे मेंदूची एक बाजू औषधाने थोडा वेळ झोपवून, रासमुसेन आणि मिल्नर ह्यांनी १९७७ मध्ये आकडे दिले: उजव्या हाताच्या ९६ टक्के लोकांत बोलणं डावीकडे, आणि डावखुऱ्यांतसुद्धा ७० टक्क्यांत डावीकडेच. बाकी १५ टक्क्यांत उजवीकडे आणि १५ टक्क्यांत दोन्हीकडे. हे सगळे ऑपरेशनच्या आधीचे पेशंट होते हे लक्षात ठेवा, पण साधारण चित्र नंतरही असंच निघालं.

९. आमच्या घरात कोंकणी, शाळेत मराठी, ऑफिसात इंग्लिश. प्रत्येक भाषेचं घर वेगळं का?

नाही. लहानपणापासून बोलत आलेल्या भाषा बहुतांशी त्याच डाव्या भागांत एकमेकींत मिसळून असतात. मोठेपणी शिकलेल्या भाषेला थोडी जास्त जागा आणि जास्त कष्ट लागतात, एवढंच.

ह्याचा उपप्रश्न गोव्यातच जास्त येतो: स्ट्रोकनंतर आजी एकदम पोर्तुगीज शब्द टाकायला लागली, हे काय? पोर्तुगीज राजवटीत, म्हणजे १९६१ च्या आधी शाळेत गेलेल्यांच्या घरात हे होऊ शकतं. जुने दोन नियम आहेत, रिबो म्हणाले पहिली शिकलेली भाषा आधी परत येते आणि पित्र ह्यांनी १८९५ मध्ये म्हटलं की आजारपणाच्या आधी जी जास्त वापरात होती ती. दोन्हींना भरपूर अपवाद आहेत. सगळ्यात जास्त वेळा सगळ्या भाषा बरोबरीनेच हळूहळू सुधारतात, पण त्याची कोणी गोष्ट सांगत नाही. घरच्यांना एकच सांगणं, आजी जी भाषा बोलेल तीत उत्तर द्या, "मराठीत बोल" म्हणून अडवू नका.

१०. बाबांना डाव्या बाजूचा स्ट्रोक झाला. साधं "पाणी" म्हणता येत नाही पण 'सुखकर्ता दुखहर्ता' अख्खं म्हणतात. नाटक करतात का हो ताई?

अजिबात नाही, आणि हे त्यांना ऐकू जाईल असं बोलूही नका, कारण समजत बरंचसं असतं. पाठ झालेली गोष्ट म्हणणं आणि नवीन वाक्य जुळवून बोलणं ही मेंदूसाठी दोन वेगळी कामं आहेत. आरती, पाढे, वार, शुभं करोति आणि हो, शिव्या, हे सगळं डाव्या बाजूची इजा चुकवून बाहेर येऊ शकतं. त्यात चाल असली की उजवी बाजू आणि तालाचे भागही मदतीला येतात. एका टोकाचं उदाहरण म्हणजे रशियन संगीतकार शेबालिन: १९५३ आणि १९५९ मध्ये दोन स्ट्रोक, बोलणं आणि समजणं फार बिघडलं, पण १९६३ मध्ये जाईपर्यंत ते संगीत रचत राहिले.

ह्यावरून १९७३ मध्ये अमेरिकेत मेलॉडिक इंटोनेशन थेरपी निघाली. छोटी वाक्यं दोन सुरांत गुणगुणायची, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचा, मग सूर हळूहळू काढून टाकायचा. २०११ मध्ये गोळी लागून डावा मेंदू जखमी झालेल्या अमेरिकन खासदार गॅब्रिएल गिफर्ड्स ह्यांच्या उपचारातही गाण्याचा मोठा वाटा होता. पण त्याच २०११ मध्ये जर्मनीतल्या स्टाल वगैरेंनी तपासलं तर असं दिसलं की सुरापेक्षा ताल आणि ओळखीचे शब्द जास्त काम करतात. माझं मत विचाराल तर दोन्ही वापरा, फक्त आरती म्हणता आली म्हणजे बोलणं परत आलं असं समजून थेरपी सोडू नका. आरतीतून "पाणी दे" आपोआप निघत नाही, ते वेगळं बसवावं लागतं, रोज, थोडं थोडं.

आणि ज्यांच्या घरी अजून असं काही झालेलं नाही त्यांच्यासाठी: तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळतंय, ह्यातलं काहीही अचानक दिसलं की १०८ ला फोन. गुठळी विरघळवणारं औषध सुरुवातीच्या साधारण साडेचार तासांतच देता येतं आणि पेडणे किंवा काणकोणहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पोचायलाच त्यातला बराच वेळ जातो. "सकाळी बघू" हे वाक्य नको.

११. दोन्ही मेंदूंना जोडणारा पूलच कापला तर?

गंभीर एपिलेप्सीसाठी काही लोकांवर हे ऑपरेशन झालंय. १९६८ मध्ये मिल्नर, टेलर आणि स्पेरी ह्यांनी अशा लोकांची डायकॉटिक टेस्ट घेतली (टेस्ट काय ते प्रश्न ३ मध्ये). दोन्ही कानांत वेगळे आकडे आले की डाव्या कानातले जवळजवळ गायब, पेशंट म्हणतो काही आलंच नाही. पण डाव्या कानात एकट्याच वाजवले तर व्यवस्थित सांगतो. म्हणजे कान ठीक, त्याच बाजूने वर जाणारा छोटा रस्ताही ठीक, फक्त स्पर्धा लागली की मोठा ओलांडणारा रस्ता छोट्याला दाबून टाकतो, आणि उजवीकडे पोचलेलं डावीकडे न्यायला पूल नाही. प्रश्न १ मधला "जास्त रुंद रस्ता" म्हणजे काय ते इथे उघडं पडतं.

१२. सूर उजवीकडे म्हणता, मग सूर बदलला की अर्थ बदलतो अशा भाषांचं काय?

इथे नियमाला मुरड पडते. थाय भाषेत एकच अक्षर पाच सुरांत म्हटलं की पाच अर्थ होऊ शकतात. १९७३ मध्ये व्हॅन लँकर आणि फ्रॉमकिन ह्यांनी बघितलं तर थाय लोकांचा ह्या सुरांसाठी उजवा कान, म्हणजे डावी बाजू पुढे, आणि तेच ऐकणाऱ्या इंग्लिश लोकांचं तसं नाही. तेव्हा आवाज कसा आहे इतकंच बघून भागत नाही, त्याचं तुम्ही काय करणार हेही मोजलं जातं.

उलटा अपवाद तुर्कस्तानात. तिथे कुश्कोय नावाच्या गावात लोक डोंगराआड शिट्टीत बोलतात, शिट्टीत म्हणजे खरंच पूर्ण वाक्यं. २०१५ च्या अभ्यासात साध्या तुर्की बोलण्याला उजवा कान पुढे, पण त्याच भाषेच्या शिट्टीला दोन्ही कान बरोबरीत. भाषा तीच, पण आवाज सुरेल आणि लांब झाल्यामुळे उजव्या बाजूने आपला वाटा मागून घेतला.

१३. फोन कुठल्या कानाला लावावा? आणि बागा बीचवरच्या क्लबमध्ये कोणाशी बोलायचं तर कुठल्या बाजूने?

फोनचं काही नाही, जो कान चांगला तो. समोरून दुसऱ्या कानात स्पर्धाच नसली तर फरक जाणवतच नाही. क्लबचं मात्र खरंच तपासलंय, इटलीतल्या डिस्कोत, २००९ मध्ये. गोंगाटात बोलताना बघितलेल्यांपैकी ७२ टक्के लोक उजव्या बाजूने ऐकत होते, आणि सिगरेट मागितली तर उजव्या कानात मागितलेली जास्त वेळा मिळाली. सिगरेट मागू नका, पण ऑर्डर द्यायला उपयोगी पडेल.

१४. मला एकाच कानाने ऐकू येतं. अर्धा मेंदू बसून राहिला का?

नाही, एका कानाचं दोन्हीकडे जातं (प्रश्न १). अडचण वेगळी होते: आवाज कुठून आला ते कळत नाही. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों कुठल्या वाटेवरून येतोय हे तुम्ही दोन कानांत आवाज पोचायच्या वेळेतल्या फरकावरून ओळखता, आणि तो फरक जास्तीत जास्त ०.६-०.७ मिलिसेकंद असतो. एक कान गेला की हा हिशोबच होत नाही, शिवाय गर्दीत बोलणं वेगळं काढणं जड जातं. वर्गात मुलाला चांगला कान बाईंकडे येईल असं बसवा. आणि एका दिवसात अचानक कान गेला असेल तर मळ असेल म्हणून थेंब टाकत बसू नका, लगेच ईएनटीकडे जा, स्टिरॉइड पहिल्या दिवसांत सुरू केलं तरच जास्त फायदा होतो.

१५. बायनॉरल बीट्स, "राइट ब्रेन" क्लास… मुलाला घालू का?

बायनॉरल बीट्स खरे आहेत, डोव्ह नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ च्या सुमारासच ते नोंदवले. एका कानात ४०० हर्ट्झ, दुसऱ्यात ४१०, तर डोक्यात सेकंदाला १० हेलकावे ऐकू येतात, कारण मेंदूच्या देठात दोन्ही कानांची गाठ पडते. त्याने दोन्ही बाजू "सिंक" होऊन अभ्यासात मार्क वाढतात ह्याला मात्र भक्कम पुरावा नाही. आणि माणसं "लेफ्ट ब्रेन" किंवा "राइट ब्रेन" टाइपची असतात हे २०१३ मध्ये युटामध्ये १०११ जणांचे स्कॅन बघून तपासलं, तसं काही सापडलं नाही. त्या फीमध्ये पेटी नाहीतर तबल्याचा क्लास लावा, निदान चवथीला वाजवेल तरी.

१६. बाळ जन्मतःच असं असतं की नंतर होतं?

कल आधीपासूनच असतो, तीन महिन्यांच्या बाळांतही बोलणं ऐकताना डावी बाजू जास्त जागी दिसते. पण कल दगडात कोरलेला नाही, अगदी लहानपणी डाव्या बाजूला इजा झाली तर भाषा उजवीकडे बस्तान बसवू शकते. मोठेपणी ते इतकं सोपं राहत नाही (प्रश्न १०).

१७. डायकॉटिक टेस्ट घरी करता येईल?

मजा म्हणून येईल. मोबाइलवरच्या कुठल्याही ऑडिओ ॲपमध्ये डाव्या चॅनलवर एक आकडा, उजव्यावर दुसरा, अगदी एकाच क्षणी सुरू होतील असे रेकॉर्ड करा, तीन-तीनच्या गटात, निदान वीस-पंचवीस गट तरी. जे ऐकू येईल ते लिहून काढा. मग हेडफोन उलटे घालून तेच परत करा, कारण एका बाजूचा स्पीकर जोरात असेल तर निकाल त्याचा लागतो, मेंदूचा नाही. फरक निघाला तरी थोडाच निघेल, आणि डावा कान पुढे आला म्हणून "माझी भाषा उजवीकडे" असं मला रात्री अकरा वाजता कळवू नका, आधी कानातला मळ काढून या.